कर्बोदक मोजणी

कर्बोदक मोजणी किंवा कर्बोदक गणना ही मधुमेहातील आहारनियोजनाची एक पद्धत आहे. एका जेवणातून किती ग्रॅम कर्बोदके पोटात जाणार हे आधी काढायचे आणि त्यानुसार जेवणाचे प्रमाण किंवा इन्सुलिनची मात्रा ठरवायची, असे तिचे स्वरूप असते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, तसेच जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांत ती विशेष उपयोगी पडते. पोळी, भाकरी व भात हे मुख्य अन्न असलेल्या महाराष्ट्रात केवळ साखर वर्ज्य केल्याने पथ्य पूर्ण होत नाही, हे या मोजणीतून स्पष्ट होते.

तत्त्व

अन्नातील पिष्ट व शर्करा यांचे पचनानंतर मुख्यतः ग्लुकोजमध्ये रूपांतर होते. जेवणानंतर रक्तातील साखर वाढते ती प्रामुख्याने यामुळेच. प्रथिने व स्निग्ध पदार्थांचा परिणाम कमी आणि उशिरा होतो. म्हणून मोजणीत पदार्थाच्या गोडीला महत्त्व नसून त्यातील कर्बोदकांच्या एकूण वजनाला असते. अमेरिकेत १५ ग्रॅम कर्बोदकांचा एक भाग धरतात, तर ब्रिटनमध्ये १० ग्रॅमचा.

इतिहास

१९२२ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा वापर सुरू होण्यापूर्वी कडक उपासमार हाच मधुमेहावरील प्रमुख उपाय होता. १९५० साली अमेरिकेत समान पोषणमूल्याच्या पदार्थांच्या ‘विनिमय याद्या’ प्रसिद्ध झाल्या. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका व कॅनडा येथे पहिल्या प्रकारच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात आहारनियोजनाच्या पद्धतींपैकी एक म्हणून कर्बोदक मोजणी वापरली गेली. साखर काटेकोरपणे नियंत्रणात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंड व चेतातंतू यांचे विकार लक्षणीय प्रमाणात टळतात, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंगही सुमारे तिपटीने वाढले.

भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये १९३७ साली कुन्नूर येथील प्रयोगशाळेतून प्रथम प्रसिद्ध झाली. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलली आणि तिचेच रूपांतर राष्ट्रीय पोषण संस्थेत झाले. या संस्थेने २०१७ साली ५२८ अन्नपदार्थांची सुधारित कोष्टके प्रकाशित केली. भारतातील मोजणीसाठी हीच कोष्टके आधारभूत मानली जातात.

मराठी स्वयंपाकातील मोजणी

पाकीटबंद पदार्थाच्या वेष्टनावर पोषणमूल्ये छापलेली असतात, भाकरीवर नसतात. शिवाय भाकरीचा आकार घरोघरी निराळा असतो. त्यामुळे मोजणीचा विश्वसनीय आरंभ शिजवण्याआधीच्या पिठापासून, डाळीपासून व तांदळापासून होतो. १०० ग्रॅम कच्च्या पदार्थातील कर्बोदके, तंतुमय भाग वगळून, साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात :

तांदूळ – ७८ ग्रॅम
ज्वारी – ६८ ग्रॅम
नाचणी – ६७ ग्रॅम
कणीक – ६४ ग्रॅम
बाजरी – ६२ ग्रॅम
तूरडाळ – ५५ ग्रॅम
साबुदाणा – ८७ ग्रॅम
गूळ – ८५ ग्रॅम

उदाहरणार्थ, ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे ४१ ग्रॅम आणि २० ग्रॅम डाळीच्या वाटीभर आमटीत ११ ग्रॅम कर्बोदके असतात. पालेभाजीतील कर्बोदके अल्प असल्याने हे जेवण ५२ ग्रॅमचे ठरते. दर १० ग्रॅमला एक एकक इन्सुलिन हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिले असल्यास या जेवणासाठी सुमारे ५ एकके लागतात. हे प्रमाण व्यक्तिपरत्वे आणि दिवसाच्या वेळेनुसारही बदलते.

भात शिजल्यावर पाण्यामुळे जड होतो. २०० ग्रॅम तांदळाचा भात ५४० ग्रॅम भरल्यास त्यात एकूण १५६ ग्रॅम, म्हणजे दर १०० ग्रॅम भातात सुमारे २९ ग्रॅम कर्बोदके असतात. स्वयंपाकघरातील तराजूवर काही आठवडे असे वजन केले, की घरातील ठरावीक वाटी व डाव हीच मापे होतात.

‘मधुमेहात पोळी नको, भाकरी चालते’ हा समज व्यापक आहे. कोष्टकानुसार ज्वारी व कणीक यांच्यातील कर्बोदकांत फारसा फरक नाही. भाकरीला पीठ जास्त लागत असल्याने एक भाकरी दोन पोळ्यांपेक्षाही भारी पडू शकते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे २०२५ मधील निष्कर्षही याला दुजोरा देतात. भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते आणि एकूण प्रमाण न घटवता केवळ धान्य बदलल्याने मधुमेहाचा धोका कमी होत नाही, असे त्यात आढळले.

उपवास आणि पाळ्या

इंद्रायणीकाठी आळंदी व चऱ्होली परिसरात एकादशीचा उपवास श्रद्धेने पाळला जातो; कार्तिक वद्य एकादशीला तर आळंदीची यात्राच भरते. उपवासाच्या दिवशी कर्बोदके घटतातच असे नाही. ७५ ग्रॅम साबुदाणा व ५० ग्रॅम बटाटा यांच्या खिचडीत सुमारे ७२ ग्रॅम कर्बोदके असतात. २५ ग्रॅम कणकेच्या चार पोळ्यांतही ती ६४ ग्रॅमच भरतात. याउलट, नेहमीचे इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेऊन निर्जळी उपवास केल्यास साखर एकदम उतरू शकते.

याच परिसरालगतच्या पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील पाळ्यांच्या कामामुळे जेवणाच्या वेळा दर आठवड्याला बदलू शकतात. ठरलेल्या वेळी ठरलेले जेवण हे जुने पथ्य अशा वेळी सांभाळता येत नाही. जेवण जेव्हा होईल तेव्हा त्यातील कर्बोदकांनुसार इन्सुलिन घेण्याची सोय मोजणीमुळे होते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यास १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करतात. यंत्रावर किंवा रात्रपाळीत एकट्याने काम करणाऱ्यांसाठी ही माहिती जीवरक्षक ठरते.

मर्यादा

कर्बोदके किती आहेत हे मोजणीतून कळते, ती किती वेगाने पचतील हे कळत नाही. त्यासाठी १९८१ साली मांडला गेलेला ग्लायसेमिक निर्देशांक पूरक ठरतो. तुपासह खाल्लेल्या पुरणपोळीसारख्या स्निग्ध जेवणानंतर साखर काही तास उशिरा चढते. मोजणी तंतोतंत असावी लागत नाही : ६० ग्रॅमच्या जेवणात १० ग्रॅमची चूक सहसा निभावते, २० ग्रॅमची मात्र तपासणीत दिसते. केवळ गोळ्या घेणाऱ्या अनेक रुग्णांना अर्धे ताट भाज्या, पाव ताट धान्य व पाव ताट डाळ-उसळ ही सोपी विभागणी पुरेशी होते. सतत मोजत राहिल्याने काहींच्या मनात अन्नाविषयी भीती निर्माण होते. म्हणून ही पद्धत आहारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली शिकणे आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही त्या शिक्षणात सहभागी करून घेणे इष्ट मानले जाते.