गावठाणाची रेघ

परवा सारंगखेड्याला घरी गेलो होतो. आमच्याकडे सालदार राहिलेल्या काकांचा मुलगा भेटायला आला. म्हणाला, "दादा, घरकुल मंजूर झालं, पण बांधू कुठं?" बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबला, त्यामुळे नावावर सातबारा नाही. गावठाणातल्या एका खोलीत तीन भावांचे संसार. उत्तर देता आलं नाही, म्हणून मागचे कायदे काढून बसलो.

आपल्याकडे पूर्वापार गावाचे दोन भाग. पांढरी म्हणजे वस्ती, काळी म्हणजे शेत. इंग्रजांनी 1818 नंतर खानदेशात मोजणी आणली. 1852 मध्ये सावदा-फैजपूरकडच्या शेतकऱ्यांनी तिला विरोधही केला, पण मोजणी थांबली नाही. मग आला 1879 चा मुंबई जमीन महसूल कायदा. शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर कलेक्टरची परवानगी हवी आणि त्याचा वेगळा आकार भरायचा. म्हणजे ही बंदी गाव नीट वसावं म्हणून आली नव्हती, सरकारचा सारा बुडू नये म्हणून आली होती. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 44 ने तीच एनए परवानगी पुढे चालू राहिली.

आता गंमत बघा. शेताच्या मालकाला आपल्या शेतात शेतघर बांधून राहायची मुभा 1879 मध्येही होती, 1966 मध्येही राहिली. मग अडकलं कोण? ज्याच्याकडे शेतच नाही तो.

बरं, त्यानं गुंठाभर विकत घ्यावं, तर 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येत आला. शेतीचे तुकडे पडू नयेत हा हेतू चांगलाच, पण घरापुरती जागा मागणाऱ्यालाही बरीच वर्षं तोच नियम होता. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर कलम 36 आणि 36-अ चं बंधन आहे. ते राहिलंच पाहिजे. शहाद्यात 1972 च्या सुमारास श्रमिक संघटनेनं जमिनीसाठी किती झगडा दिला, हे विसरून चालणार नाही. गावाच्या एका अंगाला तापी, तिथं पूररेषा. तीही हवीच. उरलं गायरान. तिथं झोपडी टाकली की माणूस अतिक्रमणवाला ठरतो.

वाटा अगदीच नाहीत असं नाही. भूमिहीनांना घरासाठी जागा देण्याची केंद्राची योजना 1971 ची. संहितेच्या कलम 122 खाली कलेक्टर गावठाणाची हद्द ठरवू शकतात. गावठाणापासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनीला आता सवलत आहे, पण प्रादेशिक योजनेत ती विकासयोग्य पट्ट्यात असेल तरच. आणि तीही जमीन मालकाचीच! 2020 पासून स्वामित्व योजनेचे ड्रोन गावठाण मोजतायत, मालमत्ता पत्रकं मिळतायत. छानच आहे. पण ड्रोन आत असलेल्यांची घरं मोजतो. आत जागाच नाही त्याचं काय?

माझं म्हणणं एवढंच. नदीची रेघ पाण्यानं ठरवलेली आहे, ती हलवता येत नाही. गावठाणाची रेघ माणसानं कागदावर ओढलीय, ती सरकवता येते. येत्या ग्रामसभेत हात वर करून तीन प्रश्न विचारा: आपलं गावठाण शेवटचं कधी वाढलं? तेव्हा गावात घरं किती होती? आज किती आहेत? उत्तरं ठरावाच्या वहीत लिहून घ्या. गावठाणवाढीचा प्रस्ताव तिथूनच सुरू होईल.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलंय, ग्रामसभेला तू ये, मीही येतो.