पोस्टकार्डापासून पासवर्डपर्यंत : मराठी माणूस, अनोळखी संगणकप्रणाली आणि खाजगीपणाचा प्रश्न (विटा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्रांच्या प्रगतीचा आलेख मांडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. यंत्र किती वेगवान झाले, किती स्वस्त झाले, खेड्यापर्यंत केव्हा पोहोचले, याची नोंद आवर्जून होते. त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसाची कुचंबणा मात्र बहुधा इतिहासाच्या बाहेरच राहते. सर्वसामान्य माणसाच्या संगणकाविषयी दोन प्रमुख तक्रारी असतात. 'हे सॉफ्टवेअर समजत नाही' ही पहिली, आणि 'आपली माहिती भलत्याच्या हाती जाते' ही दुसरी. पहिलीचा विचार अभियंते करतात, दुसरीचा कायदेपंडित. वस्तुतः या दोन्ही तक्रारींचे मूळ एक आहे, असे प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे. ज्याला यंत्र स्वतः हाताळता येत नाही, त्याला ते दुसऱ्याकडून हाताळून घ्यावे लागते. आणि दुसऱ्याच्या हाती काम देताना आपले गुपितही त्याच्या हाती द्यावे लागते.

पत्रव्यवहाराचे युग

विटा हे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्याचे सांगली असे नामकरण झाले. हा पट्टा अवर्षणप्रवण. शेतीवर भागेना म्हणून येथील असंख्य कुटुंबांनी सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा व्यवसाय पत्करला आणि ती भारतभर विखुरली. घर माणदेशाच्या कडेला आणि कर्ता पुरुष दूर परप्रांतात, अशी या भागातील अनेक घरांची रीत होती. साहजिकच टपालाला येथे असाधारण महत्त्व होते.

भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झाले, तर आंतर्देशीय पत्र १९५० मध्ये आले. पोस्टकार्ड उघडे असते, वाटेत ते कोणीही वाचू शकतो, हे ते हातात घेताच अडाणी माणसालाही कळत असे. म्हणून 'आम्ही खुशाल आहोत' एवढे कार्डावर लिहावे आणि देण्याघेण्याचा किंवा सोयरिकीचा मजकूर बंद पत्रातून कळवावा, हा व्यवहार कोणी शिकवल्यावाचून रुळला. किती उघड करावे आणि किती झाकावे, याचा निर्णय लिहिणाराच घेत असे आणि त्याची खूण कागदाच्या आकारातच दिसत असे.

अर्थात त्या काळाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना, विशेषतः स्त्रियांना, पत्र लिहून आणि वाचून घ्यावे लागे. शाळामास्तर, पोस्टमन किंवा शेजारचा शिकलेला मुलगा हा मध्यस्थ असे. सासरची व्यथा माहेरी कळवायची तर ती आधी मास्तरांना सांगावी लागे. तरीही हा मध्यस्थ ओळखीचा होता, गावाच्या लाजेला बांधलेला होता. शिवाय त्याने वाचलेले पत्र शेवटी घरातच राही. त्याची नक्कल त्याच्याजवळ उरत नसे. सरकारलाही टपाल अडविण्याचा अधिकार १८९८ च्या टपाल कायद्याने होता, परंतु प्रत्येक पत्र उघडून पाहणे मनुष्यबळाच्या दृष्टीने अशक्य होते. त्या काळच्या खाजगीपणाचे रक्षण कायद्यापेक्षा गैरसोयीने अधिक केले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

लिपी आणि यंत्र

देवनागरी लिपी आणि यंत्र यांचे नाते प्रथमपासूनच ताणाचे आहे. खिळ्यांची छपाई आली तेव्हा जोडाक्षरांमुळे शेकडो खिळे लागत. टंकलेखनयंत्र आले तेव्हा मोजक्या कळांवर ही लिपी बसवावी लागली. अक्षरांचे तुकडे झाले, काही जोडाक्षरे लोपली. यंत्र लिपीसाठी बदलले नाही, लिपीनेच अंग चोरून घेतले.

संगणकाच्या आगमनानंतर या इतिहासाची पुनरावृत्ती झाली. वास्तविक मूलभूत काम भारतात लवकर झाले होते. कानपूरच्या आय.आय.टी.मधील संशोधनातून पुढे आलेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने विकसित केले. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. मात्र छापखाने, वृत्तपत्रे आणि कार्यालये यांत रुळले ते निरनिराळ्या संकेतांवर बेतलेले फाँट. एका संगणकावर टंकलिखित केलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की चौकोन, प्रश्नचिन्हे आणि रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. संशोधनपत्रिकेकडे निबंध पाठविताना 'अमुकच फाँट वापरावा' ही सूचना आणि फाँटची फाइल सीडीवर सोबत नेण्याचा द्राविडी प्राणायाम मराठीच्या प्राध्यापकांच्या चांगला परिचयाचा आहे.

विंडोज २००० पासून देवनागरीची सोय आली आणि रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' फाँट घरोघरी पोहोचला. तथापि पुढच्या विंडोज एक्सपीमध्येही ही सोय आपोआप सुरू नसे; ती सेटिंगमध्ये शोधून सुरू करावी लागे. शोधावी कशी, हे इंग्रजीत लिहिलेले असे! अर्ध्या 'र'चा प्रश्न तर मराठीचा खासच. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. पण 'ऱ्य' कोणत्या कळांनी उमटतो हे वर्षानुवर्षे टंकन करणाऱ्यांनाही ठाऊक नसे. मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे यांचे प्रमाणीकरण करणारा महाराष्ट्र शासनाचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी निघाला. तोवर एक पिढी 'मराठी संगणकाला जमत नाही' असे मानून इंग्रजीकडे वळली होती किंवा संगणकच दुसऱ्याच्या हवाली करून मोकळी झाली होती.

मध्यस्थाचे पुनरागमन

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाद्वारे संगणकसाक्षरता तालुक्याच्या गावांपर्यंत गेली. हे कार्य मोठे आहे. परंतु प्रमाणपत्र मिळणे आणि स्वतःचा अर्ज स्वतः भरता येणे यांत अंतर राहिले. संकेतस्थळाची रचना क्लिष्ट, चूक झाली तर सूचना इंग्रजीत, अर्धा तास भरलेला अर्ज ऐन वेळी पुसला जाणार. अशा वेळी 'तूच भर बाबा' म्हणून माणूस नेट कॅफेची किंवा सेवा केंद्राची पायरी चढतो. येथेच शाळामास्तराच्या जागी नवा मध्यस्थ उभा राहिला.

या नव्या मध्यस्थापाशी आधारकार्डाची झेरॉक्स राहते, बँक खात्याचा क्रमांक राहतो, मोबाइलवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखविला जातो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचा पासवर्ड विचारावा, तर 'कॅफेवाल्याला माहीत आहे' हे उत्तर प्राध्यापकांना नवीन नाही. केंद्रचालक अप्रामाणिक असतो असे येथे सुचवावयाचे नाही. बहुसंख्य लोक सचोटीनेच हे काम करतात. प्रश्न रचनेचा आहे. मास्तरांनी वाचलेल्या पत्राची नक्कल उरत नसे. येथे नक्कल उरते, तिची पुन्हा नक्कल होते आणि ती कोठवर गेली हे मूळ मालकाला कधीच कळत नाही.

स्मार्टफोनमुळे मध्यस्थ नाहीसा झाला, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तो अदृश्य झाला. एखादे अॅप घेताना ते संपर्कयादी, छायाचित्रे आणि ठिकाण यांची परवानगी मागते. पानेच्या पाने इंग्रजी मजकूर आणि खाली 'मान्य आहे' हे एकच बटण. परगावी असलेला गलाई कारागीर घरी पैसे धाडण्यासाठी ते दाबतो, कारण न दाबल्यास काम अडते. पोस्टकार्ड उघडे आहे हे डोळ्यांना दिसत होते. अॅप उघडे की बंद, हे कोणत्याच खुणेने दिसत नाही.

कायद्याची वाटचाल

कायद्याने या प्रश्नाकडे सावकाश वळून पाहिले. दूरध्वनी चोरून ऐकण्यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये काही बंधने घातली. माहिती तंत्रज्ञान कायदा ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याचा भर इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना मान्यता देण्यावर होता. वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारे कलम २००८ च्या दुरुस्तीने आले. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला, ही गोष्ट महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. देशव्यापी प्रयोगाचा आरंभ आदिवासी खेड्यातून झाला; त्याच्या परिणामांची घटनात्मक चर्चा मात्र दिल्लीत अनेक वर्षांनी झाली.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. या पीठातील न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीच्या काळातील १९७६ च्या ज्या निर्णयाला चुकीचे ठरविले, त्याच्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. पुढे २०१८ मध्ये आधार योजना वैध ठरवितानाच न्यायालयाने खाजगी कंपन्यांच्या तिच्या वापरास आळा घातला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीची विनंती व सूचना इंग्रजीबरोबरच आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे, ही त्यातील तरतूद प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. भाषा आणि खाजगीपणा यांचा संबंध कायद्याने येथे मान्य केला.

समारोप

मात्र अनुवाद म्हणजे आकलन नव्हे. इंग्रजीतील दहा पाने बोजड मराठीतील बारा पाने झाली, तर विट्याच्या बाजारातील माणूस पूर्वीसारखेच न वाचता बटण दाबील. मजकूर थोडा, सुबोध आणि नकार देण्यास खरी जागा ठेवणारा असेल, तरच त्या संमतीला अर्थ आहे.

या प्रश्नाची सुरुवात आपल्या घरापासून करणे योग्य ठरेल. विद्यार्थ्यांची नावे, प्रवर्ग, आधार क्रमांक आणि बँक खाती असलेली यादी महाविद्यालयीन कार्यालयांतून सहजपणे व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकली जाते. एके काळी जी माहिती कपाटात कुलूपबंद असे, ती आज शंभर मोबाइलवर पडून असते, आणि यात आपण काही वावगे केले असे कोणालाच वाटत नाही. आपला मजकूर कार्डावर लिहावा की बंद पत्रात, हे ठरविण्याचा अधिकार खेड्यातील निरक्षर आजीलाही होता. तिच्या पदवीधर नातवाला तो परत मिळवून देणे, हे अभियंत्यांइतकेच आपणा शिक्षकांचेही कर्तव्य आहे.