ठळक रेषेतले पक्षी: मोजक्या रेघांत पक्षी ओळखू कसा येतो?

पोस्टरवर, भिंतीवर, टी-शर्टवर हल्ली एक पक्षी हमखास दिसतो. जाड बाह्यरेषा, सपाट रंग, पिसांचा तपशील जवळपास नाही. तरी तो मोर आहे की पोपट, हे लगेच कळतं. हे कसं जमतं?

काय ठेवायचं, काय सोडायचं?

पक्षीनिरीक्षक लांबून पक्षी ओळखतात ते चोच, शेपटी, मान आणि बसण्याची ढब यांवरून. चित्रकारही नेमकं तेवढंच ठेवतो.

वर्ध्याचा शहरपक्षी असलेल्या नीलपंखाचं उदाहरण घ्या. विजेच्या तारेवर बसलेला असताना तो मोठ्या डोक्याचा, जाड चोचीचा, तपकिरी छातीचा साधा पक्षी वाटतो. उडाला की पंखांवरचे गडद आणि फिकट निळे पट्टे उघडतात. त्यामुळे मोजक्या रेघांत नीलपंख काढायचा तर पंख उघडलेलेच हवेत. पट्टे सोडले तर उरतो तो कुठलाही पक्षी. थोडक्यात, सोपं चित्र काढायलाही पक्षी नीट पाहिलेला असावा लागतो.

गोंड शैलीचं वेगळेपण

भारतात अशा पक्ष्यांची सर्वांत ओळखीची समकालीन शैली म्हणजे परधान गोंड चित्रकला. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे जनगढ सिंह श्याम यांनी १९८०च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात काम करताना ती कागदावर आणि कॅनव्हासवर आणली. आधी ठळक आकार काढायचा, मग तो ठिपके आणि बारीक रेघांनी भरायचा, अशी ही पद्धत. भरणाची ही नक्षी बहुतेक वेळा त्या त्या चित्रकाराची ओळख असते, जणू सहीच.

पक्षी बोलतात तेव्हा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं ‘भीमायन’ हे चित्रमय पुस्तक २०११ साली आलं. त्याची चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांची आहेत. त्यात नेहमीच्या कॉमिक्ससारख्या चौकटी नाहीत. घरांच्या भिंतींवर काढल्या जाणाऱ्या दिगना नक्षीने पानांची विभागणी केली आहे.

खरी गंमत संवादांच्या फुग्यांत आहे. सौम्य बोलणाऱ्यांचे आणि अन्याय सोसणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. जातीचा विखार असलेल्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान भीमरावांना जात कळल्यावर कशी वागणूक मिळाली, ते यात आहे. कोणाचा शब्द डंख मारतोय, हे अक्षर न वाचताही समजतं. म्हणजे इथे पक्षी नुसती सजावट नाही, तो कथेतली बाजू सांगतो.

दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

शेअर करण्याआधी

सोपा आकार कॉपी करायलाही सोपा असतो. त्यामुळे असे पक्षी इंटरनेटवर अनेकदा ‘ट्रायबल आर्ट’ एवढ्याच नावाने फिरतात आणि कलाकाराचं नाव गळून पडतं. पण ही कला नाव नसलेल्या माणसांची नाही. म्हणून चित्र आवडलं तर शैलीबरोबर कलाकाराचं नावही लिहा. नाव सापडत नसेल, तर ते चित्र छापून विकण्याआधी कोणाचं आहे ते शोधा.