लॉफ्ट, पोटमाळा आणि गाळा

'लॉफ्ट' या शब्दाला मराठीत पोटमाळा म्हणावे, तर अर्थ नेमका उलटा होतो. चाळीतला पोटमाळा म्हणजे जागेच्या टंचाईवर काढलेला तोडगा. सामान वर, प्रसंगी मुलांची अंथरुणेही वर. जाहिरातीतला लॉफ्ट म्हणजे जागेचे वैभव : उंच छत, उघड्या विटा, लोखंडी खांब, भरपूर उजेड. या वैभवाचा उगम मात्र कारखान्यात आहे, आणि मराठी वाचकाला तो गिरणगावापासून वेगळा काढून पाहता येणार नाही, असे आम्हाला वाटते.

न्यूयॉर्कच्या सोहो भागातील एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींत गोदामे आणि लहान कारखाने होते. ते धंदे ओसरू लागल्यावर, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत, चित्रकार आणि शिल्पकार तेथे कमी भाड्याने राहू लागले. ते राहणे बेकायदेशीर होते. १९७१ मध्ये कलावंतांना परवानगी मिळाली, आणि १९८२ मध्ये राज्याने लॉफ्ट कायदा करून अशा अनेक रहिवाशांना संरक्षण दिले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'लॉफ्ट लिव्हिंग' या ग्रंथात समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांनी कलावंतांची ही राहणी मालमत्तेच्या बाजाराचे भांडवल कशी झाली, याची चिकित्सा केली.

१९८२ हे साल मराठी माणसाच्या स्मरणात आहे ते वेगळ्या कारणाने. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. एका शहरात कारखान्यात राहणाऱ्यांना कायद्याने आसरा दिला. दुसऱ्या शहरात कारखान्यावर जगणारे त्याच्या दाराबाहेर गेले, ते बहुतेक कायमचेच.

लॉफ्टचे आकर्षण असलेला उजेड मुळात माणसासाठी योजलेला नव्हता, हेही लक्षात घ्यावे. गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे आणि त्यांतील उत्तराभिमुख काचा सुतासाठी होत्या. तुटलेला धागा दिसावा, यासाठी. पाळी संपवून कामगार परतत असे तो दाटीच्या खोलीत. बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. गावकीच्या खोल्यांत तर माणसे पाळीपाळीने झोपत.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे कल्पिले होते : मोकळ्या जागांसाठी महापालिका, घरांसाठी म्हाडा, आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरतीच उरली. इमारतींखालची जमीन वगळली गेली. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. मग बहुतेक ठिकाणी जुनी गिरणी पाडून मनोरे उभे राहिले. फिनिक्स किंवा कमला मिलच्या आवारात जे जुने उरले, त्यात दुकाने, कचेऱ्या, उपाहारगृहे आली. कामगारांसाठी सोडतीत जी घरे निघाली, ती २२५ चौरस फुटांची. आणि अर्जदार लाखाहून अधिक.

सरकारी मराठीत एक शब्द आहे : गाळा. निवासी गाळा, अनिवासी गाळा. राहण्याच्या आणि धंद्याच्या जागेला भाषेने एकच नाव दिले आहे. म्हणजे एकाचे दुसऱ्यात रूपांतर होणे भाषेला अवघड नाही. प्रश्न 'धारक' या पुढच्या शब्दाचा आहे. गाळेधारक कोण?

घाटावरच्या ज्या मुलखाने मुंबईला माणसे पुरवली, त्यात जुन्नर-आंबेगावही येते. जुन्नर तालुक्यातले बोरी बुद्रुक पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते कुकडीकाठच्या ज्वालामुखीजन्य राखेच्या थरामुळे. तिच्या वयाविषयी वाद झाले. पण तिच्या आधारेच तेथील दगडी हत्यारांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न झाला. राख ही अशी नोंद ठेवते. गिरणगावात असा थर शिल्लक ठेवण्याची तसदी शहराने घेतली नाही. ते काम साहित्यावर आले. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'मध्ये गिरणी चालू आहे. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये ती थांबली आहे. पवारांच्या ज्या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचे नावच 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' असे आहे.

जुन्या वास्तूला नवे आयुष्य मिळू नये, असे आमचे म्हणणे नाही. पाडण्यापेक्षा वापरणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु विटा उघड्या ठेवायच्या आणि त्या विटांमधली माणसे तेवढी झाकायची, याला जतन म्हणता येत नाही. विद्यार्थ्यांनी ही पुस्तके वाचताना गिरणगावाचा नकाशा शेजारी ठेवावा. पाठ्यपुस्तकातला 'कामगारवर्ग' मग अमूर्त राहणार नाही.