ज्यू निर्वासित, मुंबईतील (१९३३–१९४८)

नाझी राजवटीच्या छळामुळे मध्य युरोप सोडून मुंबईत आश्रयाला आलेले ज्यू. हिटलर जानेवारी १९३३ मध्ये सत्तेवर आला आणि मार्चमध्ये दाखाऊची छळछावणी सुरू झाली. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर सुमारे ३०,००० ज्यू पुरुष दाखाऊ, बुखेनवाल्ड व साक्सेनहाउझेन येथे कोंडण्यात आले. देश सोडण्याची कागदपत्रे हाती असलेल्यांना तेव्हा अजून सोडत असत. त्यामुळे परदेशचा व्हिसा मिळणे हा अनेकांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न झाला. पुढे युद्धकाळात सुटकेची ही वाटही बंद झाली आणि सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले.

ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानचे दार किलकिलेच ठेवले होते. निर्वासिताचा भार सरकारवर पडणार नाही, याची हमी कोणाला तरी द्यावी लागे. मुंबईत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ज्युइश रिलीफ असोसिएशनने हे काम अंगावर घेतले.

युरोपची प्रवासी जहाजे बॅलार्ड पिअरला लागत. खाडीपलीकडच्या पनवेल-पेण-अलिबाग पट्ट्यात मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू कित्येक शतके राहत आले होते. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ मधले. शेजाऱ्यांकडून धर्मापायी छळ त्यांच्या वाट्याला आला नाही. नवे आलेले मात्र जर्मन बोलणारे, बहुतांशी शहरी डॉक्टर, व्यापारी, कलावंत होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच पासपोर्ट जर्मन म्हणून हेच लोक ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. अहमदनगरच्या स्थानबद्धता छावणीत ज्यू आणि नाझी समर्थक एकाच कुंपणात आले. चौकशीनंतर बरेच ज्यू सुटले. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर काहींना पुन्हा धरले. पुरंदर व सातारा येथेही कुटुंबांना ठेवण्यात आले. या छावण्यांना नाझी छळछावण्यांच्या पंक्तीला बसवणे चूक आहे, तेथे कोणाला संपवण्याचा बेत नव्हता. तरी हिटलरपासून पळालेल्यालाच हिटलरचा माणूस समजणे हा सरकारी आंधळेपणा होताच.

या निर्वासितांनी मुंबईला बरेच दिले. बर्लिनहून १९३३ मध्ये आलेले भूवैज्ञानिक रुडॉल्फ फॉन लायडेन कलासमीक्षक झाले. व्हिएन्नाचे संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर आणि ज्यू पत्नीसह आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्यासोबत त्यांनी रझा, हुसेन, आरा या तरुण चित्रकारांना पाठबळ दिले. आकाशवाणीची ओळखधून सामान्यतः निर्वासित संगीतकार वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. ते १९३४ मध्ये मुंबईत आले, ‘बाँबे चेंबर म्युझिक सोसायटी’ उभी केली आणि नभोवाणी केंद्रात पाश्चात्त्य संगीत सांभाळले.

युद्धानंतर बहुतेक निर्वासित ब्रिटन, अमेरिका वा इस्राएलकडे निघून गेले. कॉफमन यांनी १९४६ मध्ये मुंबई सोडली; १९५७ पासून ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात संगीतशास्त्र शिकवत होते.