नाव गेले, ठेव राहिली

बँक विलीन झाली की आपण तिच्या नावासाठी हळहळतो. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ची. २ सप्टेंबर २००६ रोजी तिच्यावर निर्बंध आले. खात्यातून जास्तीत जास्त १०,००० रुपये काढता येत. ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. नाव गेले, पण महिन्याभरात ठेवी मोकळ्या झाल्या.

पुण्याची रुपी बँक १९१२ची. तिच्यावर २०१३मध्ये निर्बंध आले. विलीनीकरणाची बोलणी झाली, पण फळली नाहीत. २०२२मध्ये परवानाच रद्द झाला. तब्बल ९ वर्षे!

आमच्या जुन्नर-आंबेगावात कांद्याची पट्टी बँकेत ठेवायची आणि त्या भरवशावर मुलीचे लग्न ठरवायचे, ही रीत. मुहूर्त काही ९ वर्षे थांबत नाही. नावाचा अभिमान असावाच. पण बँक अडचणीत आली, तर वेळेवरचे विलीनीकरण बरे.