हिंगोली शहराचा कारभार ज्या कायद्यावर चालतो, तो बदलतो कोण?

नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी? २००१ पासून या प्रश्नाचं उत्तर पाच वेळा बदललं. २००१ मध्ये थेट निवडणूक आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये पुन्हा रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली.

हिंगोलीसह राज्यातल्या सगळ्या नगर परिषदांना हे बदल लागू झाले. पण त्यासाठी हिंगोलीत ना मतदान झालं, ना नगर परिषदेच्या ठरावाची गरज पडली. असं कसं? आणि मग शहराच्या हातात नेमकं काय आहे? समजून घेऊया.

शहराची स्वतःची 'सनद' असते का?

अमेरिकेत अनेक शहरांची स्वतःची सनद असते. तिला 'सिटी चार्टर' म्हणतात. महापौर कसा निवडायचा, त्याला किती अधिकार द्यायचे, हे त्यात लिहिलेलं असतं. तिथेही राज्याचा कायदा सनदेच्या वर असतो, पण सनदेतले मोठे बदल बहुतेक वेळा शहरातल्या मतदारांपुढे ठेवले जातात. न्यूयॉर्कमध्ये २०१९ साली मतदारांनी अशाच मतदानातून पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत स्वीकारली आणि २०२१ च्या महापौरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत ती वापरलीही गेली.

भारतात तसं नाही. 'स्थानिक स्वराज्य संस्था' हा विषय संविधानाने राज्यांच्या यादीत ठेवला आहे. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना संविधानात स्थान दिलं, पाच वर्षांची मुदत ठरवून दिली आणि १८ विषयांची यादी असलेली बारावी अनुसूची जोडली. पण त्यातले किती अधिकार प्रत्यक्ष द्यायचे आणि अध्यक्ष कसा निवडायचा, हे ठरवण्याचं काम विधिमंडळाकडेच राहिलं.

मग हिंगोलीला कोणता कायदा लागू होतो?

'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५'. हिंगोली, वसमत, कळमनुरी या नगर परिषदा आणि औंढा नागनाथ, सेनगाव या नगरपंचायती याच कायद्यावर चालतात. महानगरपालिकांचे कायदे वेगळे आहेत.

नगर परिषदेचा वर्गही हाच कायदा लोकसंख्येवरून ठरवतो. एक लाखाच्या वर 'अ', ४० हजार ते एक लाख 'ब' आणि त्याखाली 'क'. २०११ च्या जनगणनेत हिंगोलीची लोकसंख्या ८५,१०३ होती, म्हणून ती 'ब' वर्गात येते.

या कायद्यात बदल करायचा तर विधेयक विधानसभा आणि विधान परिषदेत मंजूर व्हावं लागतं, मग राज्यपालांची संमती लागते. अधिवेशन सुरू नसेल तर सरकार अध्यादेश काढू शकतं. त्यामुळे मुंबईत सत्ता बदलली की हिंगोलीचा नगराध्यक्ष निवडण्याची पद्धतही बदलू शकते.

२०२० च्या बदलाची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगर परिषदेची मुदत पाच वर्षांनी संपली. मग आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुकांची अधिसूचना काढण्याचे आदेश दिले, तेव्हा कुठे चक्र फिरलं आणि २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झालं. म्हणजे २०२० चा नियम आला आणि २०२२ मध्ये गेला, पण त्या नियमाने हिंगोलीत सार्वत्रिक निवडणूक झालीच नाही.

नगर परिषद स्वतः काय बदलू शकते?

मूळ कायदा बदलता येत नसला तरी त्याच्या चौकटीत राहून नगर परिषद 'उपविधी' करू शकते. उपविधी म्हणजे शहरापुरते नियम. बाजार, कचरा, फेरीवाले अशा विषयांवर ते करता येतात. पद्धत साधारण अशी:

१. उपविधीचा मसुदा सर्वसाधारण सभेपुढे येतो.
२. तो प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात.
३. हरकतींचा विचार करून सभा अंतिम मसुदा मंजूर करते.
४. राज्य सरकारच्या पातळीवर मंजुरी मिळाल्यावरच तो लागू होतो.

सभेने केलेला ठरावही शेवटचा शब्द नसतो. कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात.

यात सामान्य माणसाचं काय चालतं?

मतदान नसलं तरी एक दार उघडं असतं, ते म्हणजे हरकत. पण ते ठरावीक दिवसच उघडं असतं आणि बहुतेकांना ते बंद झाल्यावरच कळतं. तीन ठिकाणी ते विशेष महत्त्वाचं आहे.

हद्द ठरताना: ग्रामपंचायतीची नगरपंचायत करायची असेल तर सरकारला आधी उद्घोषणा काढावी लागते. ती राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात येते, शिवाय ठळक जागी लावली जाते. हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी आणि कारणांसह द्यायची असते, त्यासाठी किमान ३० दिवस मिळतात. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करण्याचं धोरण राज्याने २०१४ मध्ये घेतलं. हा बदल फक्त पाटीवरचा नाही. ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही जाते, म्हणजे गावकऱ्यांनी समोरासमोर हिशेब विचारायची जागाच जाते.

घरपट्टी ठरताना: मालमत्तांची आकारणी साधारण दर चार वर्षांनी नव्याने होते. तिला 'चतुर्थ वार्षिक कर आकारणी' म्हणतात. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की मुदतीत हरकत घेता येते. ती घेतली नाही, तर पुढची काही वर्षं त्याच आकड्यावर बिल येत राहतं.

विकास आराखडा होताना: तुमच्या प्लॉटवर रस्ता किंवा उद्यानाचं आरक्षण पडलंय का, हे प्रारूप आराखड्यात दिसतं. हरकतीसाठी ३० दिवस असतात.

हरकत कशी घ्यायची?

व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला मेसेज किंवा फेसबुकची पोस्ट म्हणजे हरकत नव्हे. साध्या कागदावर अर्ज लिहा. सूचनेची तारीख, मालमत्ता किंवा गट क्रमांक, नेमका आक्षेप आणि कारण त्यात असू द्या. 'आमचा विरोध आहे' एवढ्यावर थांबू नका. अर्ज मुदतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. पुढे अपील करायचं झालं तर हीच पोच कामी येते.

मसुदा किंवा ठरावाची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. पण हरकतीची मुदतही तेवढीच असू शकते, म्हणून फक्त त्या उत्तरावर विसंबून राहू नका.

थोडक्यात

हिंगोलीच्या कारभाराचा मूळ कायदा विधिमंडळात बदलतो. तो बदलून हवा असेल तर प्रश्न नगरसेवकाला नाही, आमदाराला विचारायला हवा. शहराचे उपविधी, घरपट्टी, आराखडा यांची सुरुवात मात्र नगर परिषदेत होते. तिथे तुमचं म्हणणं कागदावर येऊ शकतं, पण मुदतीच्या आत. नगर परिषदेचा सूचना फलक आणि वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरातल्या जाहीर सूचना वाचायची सवय म्हणूनच लावून घ्या.